दुष्काळामागून येणारा हिवताप आणि लहान मुले

दुष्काळनिवारणाच्या फंडास ज्या उदार व्यापारी, बागायतदार व जमीनदार मंडळींनी आश्रय दिला आहे, त्यांस कमिटीच्या अहवालात धान्य, चारा व पाणी यांच्या हिशेबाबरोबर औषधे, मच्छरदाण्या व रक्ततपासणी यांवरील खर्चाची बाबही आढळेल. ती पाहून अनेक हितचिंतक विचारतात की, दुष्काळ हा अन्नपाण्याचा. त्यात तापाचा संबंध काय? दुसरा प्रश्न याहूनही वारंवार येतो. मृग बरा बरसला, शिवारे हिरवी झाली, मग आता फंड मिटविण्यास हरकत कोणती? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते सविस्तर दिल्यावाचून आमच्या मागणीचे मर्म ध्यानात येणार नाही, म्हणून हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उत्तर थोडक्यात असे : उपासमारीने खंगलेल्या मुलांचा मोठा घात पुष्कळदा अन्न नसते त्या दिवसांत होत नाही, पाऊस पडून गेल्यावर, नवे धान्य दृष्टीस पडू लागल्यावर, हिवतापाच्या रूपाने होतो. आणि याच रोगावर, तो वेळीच ओळखला तर, थोड्या दिवसांचे व अल्प खर्चाचे खात्रीचे औषध आहे.

पूर्वीचे दाखले

पंजाबात १९०७ साली पाऊस अपुरा झाला व धान्याचे भाव फार चढले. पुढील साली, १९०८ मध्ये, पाऊस अतोनात झाला. लोकांस हायसे वाटले. परंतु ऑक्टोबर व नोव्हेंबर या दोन महिन्यांत हिवतापाची अशी साथ आली की तीत तीन लाखांवर माणसे दगावली. अमृतसरासारख्या भरभराटीच्या व्यापारी शहरात जवळजवळ सारी वस्ती तापाने अंथरुणास खिळली आणि नित्याचे व्यवहार कित्येक आठवडे विस्कळीत झाले. या साथीची चौकशी करणारे डॉ. ख्रिस्टोफर्स यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दोन कारणांची सांगड घालून दाखविली : एक, अतिवृष्टी, आणि दुसरे, तिच्या आधीची महर्गता. पावसाने डास वाढविले, पण त्या तापाने माणसे इतकी मेली याचे कारण त्यांच्या अंगात आधीच त्राण उरले नव्हते.

बंगालचा १९४३ चा दुष्काळ पुष्कळांच्या वाचनात आला असेल. सरकारी चौकशी मंडळाने त्यातील मृत्यू सुमारे पंधरा लाख धरले. पुढील अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांच्या आसपास जातात. यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, मृत्यूंची संख्या त्या वर्षाच्या डिसेंबरात शिखरास पोचली, म्हणजे हिवाळी भाताचे पीक घरात येऊ लागले तेव्हा. आणि त्या मृत्यूंच्या कारणांत हिवताप अग्रभागी होता. त्या वेळी औषधही दुर्मिळ झाले होते. जगातील बहुतेक सर्व कोयनेल जावा बेटातून येई, आणि ते बेट मार्च १९४२ मध्ये जपानच्या हाती गेले होते. अन्न आले, पण औषध आले नाही, असा हा प्रसंग होता.

असे का घडते

हिवतापाचे सूक्ष्म जंतू मनुष्याच्या रक्तात असतात हे लाव्हेरान या फ्रेंच वैद्याने १८८० साली अल्जीरियात पाहिले. ते डासाच्या शरीरात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे सिद्ध केले. डासांच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी ॲनाफिलिस जातीची मादीच हा रोग पसरविते. ती भिंतीवर बसताना शेपटाकडील भाग उंच करून तिरपी बसते, बहुधा रात्री चावते, आणि साचलेल्या किंवा मंद वाहणाऱ्या, बहुतकरून स्वच्छ पाण्यात अंडी घालते.

आता दुष्काळानंतरच्या पावसाचा विचार करावा. आटलेल्या ओढ्यांच्या पात्रांत जागोजाग डबकी साचतात. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास आठ ते बारा दिवस पुरतात. रोगी माणसास चावलेल्या डासाच्या पोटात जंतू पक्व होण्यास आणखी दहा-चौदा दिवस लागतात. आणि तो डास निरोगी मुलास चावला म्हणजे त्यास ताप येण्यास पुन्हा सुमारे तितकेच दिवस जातात. म्हणून पहिल्या जोरदार पावसानंतर महिना-दीड महिना सर्व काही ठीक दिसते, आणि मग भाद्रपद-आश्विनात ताप घरोघर दिसू लागतो. याच अवधीत दाते निश्चिंत झालेले असतात.

याखेरीज दुष्काळाच्या अंगची आणखी कारणे आहेत. पोटासाठी परगावी गेलेली कुटुंबे जंगलपट्टीतून किंवा शहरांतून परत येताना रक्तात जंतू घेऊन येतात. आपल्याकडील ॲनाफिलिसची एक प्रमुख जात माणसापेक्षा गुराढोरांचे रक्त अधिक पसंत करते. जनावरे मेली किंवा विकली गेली म्हणजे तिचा रोख माणसांकडे वळतो, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. आणि एक कारण तर निवारणाच्या कामातूनच उत्पन्न होऊ शकते. रस्ता, बांध अथवा पाझर तलाव यांसाठी माती काढली की मागे खड्डे राहतात. पावसात ते भरतात आणि डासांची पैदास मजुरांच्या झोपड्यांशेजारीच होते. म्हणून काम पुरे झाल्यावर खड्डे बुजविण्याची किंवा त्यांतील पाणी चर काढून वाहते करण्याची मजुरी ही कामाच्याच खर्चात धरली पाहिजे, असा आमचा आग्रह असतो.

लहान मुलांसच धोका अधिक का

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मृत्यू पावली. त्यांतील सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिका खंडातील होते, आणि तेथील दर चार बळींपैकी सुमारे तीन पाच वर्षांखालील मुले होती. मूल जन्मते तेव्हा आईकडून मिळालेली काही प्रतिकारशक्ती त्याच्या अंगी असते. ती पहिल्या काही महिन्यांत ओसरते. पुढे रोगाच्या प्रदेशात वाढणाऱ्या मुलास वारंवार ताप येऊन थोडीबहुत शक्ती येते, पण तोवरची वर्षे मोठ्या जोखमीची असतात. जेथे हिवताप कधीतरीच येतो तेथे मोठी माणसेही या बाबतीत मुलांसारखीच असुरक्षित असतात. त्यात मूल कुपोषित असेल, तर रक्त आधीच पातळ व साठा रिकामा. जंतू रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि जे थोडके रक्त उरलेले असते तेही नाहीसे होते.

रोग ओळखावा कसा

मोठ्या माणसात हिवतापाच्या तीन अवस्था आपणा सर्वांस ठाऊक आहेत : हुडहुडी, मग भाजणारा ताप, मग घाम फुटून उतार. लहान मुलात हा क्रम नेमका दिसेलच असे नाही. नुसता ताप, किरकिर, दूध किंवा भाकरी नाकारणे, ओकारी, जुलाब, खोकला, मलूलपणा, एवढीच लक्षणे दिसतात. आणि आई ‘दात येत असतील’ किंवा ‘दृष्ट लागली असेल’ असे म्हणून दोन दिवस घालविते. ताप मधून उतरतो म्हणून रोग गेला असेही समजू नये. वारंवार ताप येऊन गेलेल्या मुलाची पाणथरी वाढते, पोट डाव्या बाजूस फुगीर लागते आणि ओठ व तळहात फिके पडतात.

यास्तव नियम एकच : हिवतापाच्या प्रदेशात, किंवा तेथून नुकत्याच आलेल्या कुटुंबात, मुलास ताप आला तर त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांच्या आत, रक्त तपासावे. बोटाच्या टोकातून एक थेंब रक्त घेऊन काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाने पाहतात. अथवा लहानशा तपासणी-पट्टीवर थेंब ठेवला असता पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो. ही पट्टी दूरच्या पाड्यावरही वापरता येते, आणि आशा कार्यकर्तींस तिचे शिक्षण दिलेले असते. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य मिळतात.

पुढील लक्षणे प्राणसंकटाची समजावी, व त्यांतले एकही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता मुलास रुग्णालयात न्यावे :

मूल स्तनपान करीत नाही किंवा पाणीही पीत नाही; प्यालेले सर्व ओकून टाकते; त्यास झटके येतात; ते गुंगीत असते, हाक मारली तरी डोळे उघडीत नाही; त्यास बसवत नाही; श्वास जलद किंवा कष्टाने चालतो; तळहात व ओठ पांढरेफटक दिसतात; डोळे पिवळे पडतात; लघवी फार थोडी किंवा काळसर होते; हातपाय गार पडतात.

हिवतापाच्या जंतूंच्या जातींपैकी फाल्सिपेरम ही सर्वांत घातक होय. तिने ग्रस्त झालेल्या रक्तपेशी मेंदूतील बारीक वाहिन्यांस चिकटून बसतात. सकाळी अंगणात खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी बेशुद्ध पडू शकते, ते यामुळेच. दुसरी जात व्हायव्हॅक्स; ती बहुधा इतकी जलद प्राण घेत नाही, पण यकृतात दडून बसते व आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणते. कोणती जात आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि औषध मात्र जातीप्रमाणे द्यावयाचे असते; म्हणूनच रक्त तपासणे अगत्याचे.

उपचार

व्हायव्हॅक्सवर क्लोरोक्विन तीन दिवस देतात, आणि यकृतातील जंतू नाहीसे व्हावेत म्हणून प्रायमाक्विन देतात. आपल्याकडील प्रचलित पद्धतीत ते १४ दिवसांचे असते. हे दुसरे औषध तान्ह्या मुलास व गरोदर स्त्रीस देत नाहीत, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मजात उणीव असते त्यांस ते अपाय करते. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावे. फाल्सिपेरमवर आर्टेमिसिनिन व दुसरे एखादे औषध यांचे संयुक्त औषध तीन दिवस देतात. आर्टेमिसिनिन चीनमधील एका वनस्पतीपासून मिळते, आणि त्याच्या शोधाबद्दल तू यूयू या विदुषीस २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोणतेही औषध मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून द्यावे लागते. मोठ्याची गोळी अंदाजाने मोडून देणे धोक्याचे आहे. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने ओकले तर तोच डोस पुन्हा द्यावा. आणि पहिल्या दिवशी ताप उतरला म्हणून पुढचे डोस कधीही टाळू नयेत. गरीब घरात उरलेली गोळी ‘पुढच्या वेळी’ म्हणून गाठोड्यात बांधून ठेवतात, त्याने हा रोगी पुरा बरा होत नाही आणि पुढच्यासही ती पुरत नाही.

रोग गंभीर झाला असेल तर आर्टेसुनेट शिरेतून टोचावे लागते. पूर्वी या अवस्थेत कोयनेलच देत. आफ्रिकेतील पाच हजारांवर मुलांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, कोयनेलऐवजी आर्टेसुनेट दिलेल्या मुलांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णालय दूर असेल तर सहा वर्षांखालील मुलास गुदद्वारातून द्यावयाचे आर्टेसुनेट एकदा देऊन लगेच वाटेस लावावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण तो डोस म्हणजे पुरा उपचार नव्हे, रुग्णालयापर्यंत पोचण्यापुरती मिळालेली सवड होय.

घरच्या शुश्रूषेची मोल कमी नाही. ताप फार चढल्यास कोमट पाण्याने अंग पुसावे व वजनाप्रमाणे पॅरासिटामोल द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये. ‘लंघन परम औषध’ ही समजूत येथे घातक आहे : आजारी मुलाच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते, म्हणून अंगावरचे दूध चालूच ठेवावे, आणि मोठ्या मुलास पेज, वरणाचे पाणी किंवा साखरपाणी थोडे थोडे पाजीत राहावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी अथवा औषध ओतू नये; त्यास कुशीवर निजवावे आणि रुग्णालयाची वाट धरावी. पोटावर डागण्या देणे, अंगारा लावून स्वस्थ बसणे, यांत जे तास जातात तेच पुष्कळदा मुलाच्या आयुष्याचे तास असतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी अंगारा खुशाल लावावा, पण तो रुग्णालयाच्या वाटेवर.

प्रतिबंध

रात्री मुलास व गरोदर मातेस मच्छरदाणीत निजविणे हा पहिला उपाय. कीटकनाशक मुरविलेल्या मच्छरदाणीचा गुण सुमारे तीन वर्षे टिकतो, तीस टेकणारा डास मरतो, व शेजारी निजणाऱ्यासही काही लाभ होतो. ती मासे धरण्यास किंवा धान्य झाकण्यास वापरली जाऊ नये म्हणून वाटपाबरोबरच समजूतही द्यावी लागते. दुसरा उपाय घरांच्या आतील भिंतींवर औषधाची फवारणी. फवारणीनंतर काही महिने तरी भिंती सारवू किंवा रंगवू नयेत. तिसरा उपाय पाण्याचा : रांजण, हौद व पिंपे आठवड्यातून एक दिवस कोरडी करून घासावी, विहिरी व टाक्या झाकाव्या, आणि जे पाणी काढून टाकता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावे. मुंबईत १९११ च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी शहरातील हिवतापाचे मूळ घरांतील उघड्या विहिरींत दाखवून दिले होते, ही गोष्ट आपल्या वाड्यांतील टाक्यांकडे पाहतानाही आठवावी.

लशीचाही शोध लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी २०२१ साली एका व २०२३ साली दुसऱ्या लशीस मान्यता दिली. यांतील दुसरी आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते व २०२४ पासून आफ्रिकेतील मुलांस टोचली जाऊ लागली. परंतु लस ही मच्छरदाणी व त्वरित उपचार यांची जोड आहे, त्यांची जागा घेणारी नव्हे.

हात आखडल्याचे फळ

स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थानात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांस हिवताप होई व सुमारे आठ लाख दगावत. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण योजना निघाली, १९५८ साली तिचे निर्मूलन योजनेत रूपांतर झाले, आणि १९६५ च्या सुमारास रोग्यांची नोंद सुमारे एक लाखावर आली. काम फत्ते झाले असे वाटून जागरूकता मंदावली, कीटकनाशकांचा पुरवठा अपुरा पडला, डासही त्यांस दाद देईनासे झाले. आणि १९७६ साली नोंदलेले रोगी ६४ लाखांवर गेले. त्यानंतर पुन्हा चिकाटीने काम होऊन रोग पुष्कळच ओसरला आहे व २०३० पर्यंत तो देशातून नाहीसा करण्याचा सरकारचा संकल्प आहे. तथापि आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलात, भामरागड, एटापल्ली, धानोरा अशा तालुक्यांत, जेथे ओढे, भातखाचरे व दाट वने आहेत आणि पावसाळ्यात वाटा तुटतात, तेथे तो अजून ठाण मांडून आहे. फंड आधी मिटवावा की नाही, याचे उत्तर १९६५ व १९७६ या दोन आकड्यांत आहे.

दात्यांस विनंती

केवळ पैसा हीच मदत नव्हे. जमीनदार व बागायतदारांनी आपल्या शिवारातील खाणीचे व मातीचे खड्डे बुजवावे, मजुरांच्या झोपड्या साचलेल्या पाण्यापासून दूर बांधून द्याव्या, आणि परगावाहून आलेल्या मजुरांच्या मुलांस ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासण्याची व्यवस्था ठेवावी. मूल आजारी असता बापाची किंवा आईची मजुरी कापू नये. एक दिवसाचा रोज बुडेल या भीतीने मूल रुग्णालयात नेले जात नाही, हे आम्ही वारंवार ऐकतो. व्यापारी मंडळींनी मच्छरदाण्या घाऊक भावात मिळवून द्याव्या, आणि ज्यांच्या मोटारी किंवा टेंपो गावोगाव फिरतात त्यांनी रात्री-अपरात्री बेशुद्ध मुलास रुग्णालयात पोचविण्याचे पुण्य पदरी घ्यावे. अशा प्रसंगी गाडीच्या एका फेरीचे मोल पोतेभर धान्याहून कमी नसते.

आणि द्रव्याविषयी आमचे मागणे एवढेच की, पहिल्या पावसाबरोबर वर्गणी बंद करू नये. ज्यांनी चैत्र-वैशाखात धान्यासाठी रक्कम दिली, त्यांनी तिचा काही अंश भाद्रपद ते मार्गशीर्ष या चार महिन्यांसाठी राखून द्यावा. ज्या मुलास आपण उन्हाळ्यात अन्न देऊन जगविले, त्यास दिवाळीच्या तोंडावर औषधावाचून जाऊ देणे म्हणजे केलेला सर्व खर्च व सर्व पुण्य पाण्यात टाकणे होय. धान्याची कोठी व औषधाची पेटी ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. दोन्ही भरलेल्या राहोत, व त्यांस आपला उदार हात मार्गशीर्ष संपेपर्यंत लागावा, अशी कमिटीची सर्व आश्रयदात्यांस नम्र विनंती आहे.